रक्तातील कॅल्शियमचा जमाखर्च

धारवाडचा पेढा आवडत नाही असा मनुष्य आमच्या हुबळी-धारवाडच्या परिसरात शोधूनही सापडणार नाही. परंतु ज्या म्हशीच्या दुधावर हा पेढा पोसला, तिच्यावर व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत कधीकधी एक विलक्षण संकट ओढवते. ती अकस्मात लटपटू लागते, खाली बसते आणि मान कुशीकडे वळवून निपचित पडते. या रोगास दुग्धज्वर म्हणतात. नाव ज्वराचे, पण अंगास हात लावावा तो ते थंडगार! दुधासाठी रक्तातील कॅल्शियम कासेकडे इतक्या वेगाने ओढले जाते की, त्याची भरपाई तितक्या त्वरेने होत नाही. पशुवैद्याने वेळीच शिरेतून कॅल्शियमचे द्रावण सावकाश दिले, तर तीच म्हैस बहुधा थोड्याच वेळात उठून उभी राहते.

मनुष्याच्या रक्तातही असा तुटवडा पडू शकतो. आपल्या शरीरातील सुमारे 99 टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. रक्तात त्याचे प्रमाण अगदी थोडे, म्हणजे 100 मिलिलिटरमध्ये साधारणपणे 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम एवढेच असते. परंतु मज्जातंतू, स्नायू आणि हृदय यांचे काम या अल्पशा साठ्यावर चालते. हाडे ही पेढी मानली, तर रक्त हा रोजच्या खर्चाचा बटवा होय.

या पेढीचे कारकून म्हणजे गळ्यातील अवटू ग्रंथीच्या मागे असलेल्या, डाळीच्या दाण्याएवढ्या चार परावटू ग्रंथी. यांचा शोध लागला तो एका भारतीय गेंड्यामुळे! 1849 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात तो मेला असता रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञाने त्याच्या शवाची चिकित्सा केली आणि त्यास ही चिमुकली ग्रंथी आढळली. पुढे 1880 साली स्वीडनच्या सँडस्ट्रोमने मानवातील या ग्रंथींचे वर्णन प्रसिद्ध केले. रक्तातील कॅल्शियम घटताच या ग्रंथी एक रस सोडतात. त्यामुळे हाडांतून कॅल्शियम सुटते, मूत्रपिंडे ते वाचवितात आणि ड जीवनसत्त्वाच्या साहाय्याने आतडी ते अन्नातून अधिक शोषून घेतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. आहारात चार दिवस कॅल्शियम कमी पडले, म्हणून रक्तातील कॅल्शियम लगेच घटत नाही. हाडे झिजतात, पण बटवा रिकामा होत नाही. तो रिकामा होतो तो व्यवस्थाच बिघडल्यामुळे. गळ्याच्या शस्त्रक्रियेत परावटू ग्रंथींस इजा होणे, ड जीवनसत्त्वाचा तीव्र अभाव, मूत्रपिंडांचा जुना विकार, मॅग्नेशियमची कमतरता ही त्याची मुख्य कारणे होत. नवजात अर्भकांतही, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बालकांत, हा दोष आढळतो.

म्हैस लुळी पडते. मनुष्यात याच्या उलट स्नायू आखडतात. प्रथम ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. मग हातापायांत गोळे येतात आणि बोटे चोचीसारखी एकत्र जुळून हात वाकडा होतो. दोष वाढल्यास झटके येतात, घसा आवळून श्वास कोंडतो, हृदयाची लय बिघडते. अशा रोग्यास भूतबाधा झाली असे समजून अंगारे-धुपारे करण्यात घालविलेली घटका त्याच्या जिवावर बेतू शकते. झटका आल्यास त्यास कुशीवर निजवावे, तोंडात काहीही घालू नये, कांदा-वहाण हुंगविण्याच्या भरीस न पडता तत्काळ रुग्णालयात न्यावे.

तेथे रक्ताची तपासणी होते. दोष तीव्र असल्यास हृदयावर लक्ष ठेवून शिरेतून कॅल्शियम हळूहळू देतात. पुढे गोळ्या, ड जीवनसत्त्व व मूळ कारणावर उपचार चालतात. मात्र या गोळ्या मनास येईल तशा घेऊ नयेत; अतिरेकाने मूतखडे होतात आणि मूत्रपिंडांस अपाय पोहोचतो.

पेढी भरलेली ठेवणे मात्र आपल्या हाती आहे. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींस दररोज सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. आमच्या भागातील ज्वारीची भाकरी पौष्टिक खरी, पण 100 ग्रॅम ज्वारीत ते जेमतेम 30 मिलिग्रॅमच्या आसपास असते. तेवढ्याच नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम. म्हणून भाकरीच्या जोडीस दूध, दही, ताक असावे, अधूनमधून नाचणीची आंबील व तिळाची चटणी असावी आणि अंगास ऊन लागेल असे मैदानी खेळही असावेत. हाडांची पेढी भरावयाचे दिवस हे शाळेचेच दिवस होत. पुढे आयुष्यभर खर्च चालतो तो बहुतांशी याच ठेवीवर!