डेमलो संख्या १२३४५६७८९८७६५४३२१ : रचना आणि अवयव

नऊ एकांनी लिहिल्या जाणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ होतो. सतरा अंकांची ही संख्या पुष्कळांनी शाळेत पाहिलेली असते आणि केवळ एक गंमत म्हणून ती विसरलीही जाते. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ पर्यंत अध्यापन केलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी (१९०५–१९८६) मात्र अशा संख्यांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि त्यांना डेमलो हे नाव दिले. ते मुंबईनजीकच्या एका रेल्वेस्थानकाचे; ही कल्पना त्यांना तेथे सुचली होती. आज कापरेकरांचे नाव मुख्यतः ६१७४ शी जोडले जाते. डेमलो संख्या त्या मानाने मागे पडल्या आहेत.

हा आकृतिबंध का उद्भवतो? गुणाकार फळ्यावर मांडून पाहावा. शेलूबाजारच्या शाळेतील फळाही त्यास पुरेल. एकांच्या नऊ ओळी प्रत्येकी एक स्थान सरकवून लिहिल्या जातात. उभ्या स्तंभांत उजवीकडून अनुक्रमे १, २, ३ असे एक वाढत जाऊन मधल्या स्तंभात ९ होतात व पुढे तसेच उतरतात. कोठेही बेरीज दहापर्यंत पोचत नाही. म्हणून हातचा येत नाही. दहा एक घेतले की मधल्या स्तंभात हातचा उत्पन्न होतो आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो. डावीकडचा ८ नाहीसा होतो, सममिती मोडते. द्वादशमान पद्धतीत हीच सममिती अकरा एकांपर्यंत टिकेल. अर्थात तिचे श्रेय संख्येपेक्षा लेखनपद्धतीला अधिक आहे.

मधला ९ वगळल्यास डावा भाग १२३४५६७८ व उजवा ८७६५४३२१ उरतो. त्यांची बेरीज ९९९९९९९९. म्हणजे मधलाच अंक पुन्हा पुन्हा. डेमलो संख्येचे मुख्य लक्षण हेच होय. शिवाय सर्व अंकांची बेरीज ८१ असून ८१ ने प्रस्तुत संख्येस निःशेष भाग जातो. अशा संख्यांना हर्षद हे नावही कापरेकरांचेच. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो, आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे.

तथापि अंकांची बेरीज हीसुद्धा लेखनाचीच बाब. अवयवांचे तसे नाही. ते कोणत्याही पद्धतीत तेच राहतात. १११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७ असल्याने तिच्या वर्गात ३ चार वेळा आणि ३७ व ३३३६६७ प्रत्येकी दोन वेळा येतात; यावरून त्या वर्गाचे एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५ ठरतात. यांपैकी ३३३६६७ ही मूळ संख्या विशेष लक्षणीय आहे. तिचा व्यस्तांक दशांशात मांडला असता ०००००२९९७ हा नऊ अंकांचा गट अखंड आवर्तत राहतो, कारण ३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९. ३७ च्या व्यस्तांकात ०२७ हा तीनच अंकांचा गट आवर्ततो. दशमान पद्धतीत नेमके नऊ अंकांचे आवर्तन देणारी ३३३६६७ वाचून दुसरी मूळ संख्या नाही.