इन्सुलिन येतं कुठून? आईच्या एका प्रश्नाचं उत्तर

मागच्या भागात आपण जनुक म्हणजे काय ते पाहिलं. आज या जनुकाला कामाला कसं लावतात ते पाहू. त्यासाठी मी इन्सुलिनचं उदाहरण घेणार आहे, कारण ते माझ्या स्वतःच्या घरात घडलेलं आहे.

माझी आई बेळगावची, माळकरी. २००६ साली गोळ्यांनी तिची साखर आटोक्यात येईना, तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. मी इथून, बंगळुरूहून, रोज फोनवर विचारायचो, "घेतलंस ना?" ती म्हणायची, "घेतलं रे बाबा." दीड महिन्यानं घरी गेलो तर फ्रिजच्या दारात बाटली सीलसकट तशीच होती. विचारलं, तर म्हणाली, "ते डुकराचं असतंय म्हणं. गळ्यात माळ घालून ते अंगात कसं टोचून घेऊ मी?"

आधी मला राग आला. मग लक्षात आलं की आईनं ऐकलेलं खोटं नव्हतं, फक्त जुनं होतं. आपण त्या जुन्या गोष्टीपासूनच सुरुवात करू.

आपल्या जठराच्या मागं स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. रक्तातली साखर पेशींनी आत घ्यावी, हा निरोप इन्सुलिन पोचवतं. १९२१ साली कॅनडात टोरांटो इथं बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडातून हा रस वेगळा काढला. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याआधी ज्या मुलाचं शरीर इन्सुलिन बनवणंच थांबवायचं, त्याच्या हाती फार दिवस उरत नसत.

पुढची साठेक वर्षं जगभरचं इन्सुलिन कत्तलखान्यातून येई, गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून. साधारण सव्वादोनशे ग्रॅम इन्सुलिनसाठी सुमारे दोन टन अवयव लागत. माणसाचं इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांची मांडणी. डुकराच्या इन्सुलिनमध्ये त्यातलं एक वेगळं असतं, गाईच्या इन्सुलिनमध्ये तीन. एवढ्या फरकानं काम अडत नाही, पण काहींना ॲलर्जी होई, टोचल्या जागी सूज येई. शिवाय औषध किती मिळणार, हे जनावरं किती कापली जातात यावर ठरे.

मग माणसाचं इन्सुलिन माणसाशिवाय बनवायचं कसं?

आमच्या बेळगावात दुकानाची पाटी वाचायला मराठी लागते, कन्नडही लागते. जनुकांच्या जगात मात्र सगळ्यांची लिपी जवळजवळ एकच. माणूस असो, जिवाणू असो की यीस्ट, डीएनएचा मजकूर सगळे सारखाच वाचतात. माणसाच्या प्रथिनाचा मजकूर यीस्टच्या हातात दिला, तर यीस्ट तेच प्रथिन बनवतं. जनुकीय अभियांत्रिकी या एका गोष्टीवर उभी आहे.

आता पायऱ्या पाहू.

पहिली पायरी, मजकूर मिळवणं. इन्सुलिनमधल्या अमिनो आम्लांचा क्रम फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत उलगडला. क्रम कळला की त्याला जुळणारा डीएनए प्रयोगशाळेत रसायनांपासून जोडता येतो. १९७८ साली अमेरिकेतल्या जेनेनटेक कंपनीच्या आणि सिटी ऑफ होप संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हेच केलं. म्हणजे हे जनुक डुकराचं तर नव्हतंच, कुणा माणसाच्या शरीरातून काढलेलंही नव्हतं.

दुसरी पायरी, तो मजकूर चिकटवणं. जिवाणूंमध्ये प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी कडी असते. रेस्ट्रिक्शन एन्झाइम ही कडी ठरावीक जागी कापतं, मध्ये आपलं जनुक बसवायचं आणि लायगेज नावाच्या एन्झाइमनं सांधायचं. कोहेन आणि बोयर यांनी १९७३ मध्ये ही काप-जोड करून दाखवली होती.

तिसरी पायरी, ती कडी पेशीत घालणं. सगळ्या पेशी ती घेत नाहीत. म्हणून कडीवर प्रतिजैविकाला तोंड देणारं आणखी एक जनुक ठेवतात. मग त्या प्रतिजैविकात ज्या पेशी तगल्या, त्या आपल्या.

चौथी पायरी, त्या पेशी मोठ्या टाकीत वाढवणं. आणि पाचवी, त्यातून इन्सुलिन गाळून शुद्ध करणं.

या मार्गानं बनलेल्या इन्सुलिनला १९८२ साली अमेरिकेत परवानगी मिळाली. जनुकीय अभियांत्रिकीनं बनवलेलं ते पहिलं औषध.

आता बंगळुरूकडे वळू. त्याच १९७८ साली २५ वर्षांच्या किरण मजुमदार यांनी इथं भाड्याच्या गॅरेजमध्ये, दहा हजार रुपयांच्या भांडवलावर बायोकॉन सुरू केली. त्या ऑस्ट्रेलियात बिअर बनवण्याचं शास्त्र शिकून आल्या होत्या, पण मद्यनिर्मितीच्या कारखान्यात ते काम बाईला द्यायला कुणी तयार नव्हतं. म्हणून त्या एन्झाइमकडे वळल्या. पहिली उत्पादनं दोन होती. पपईच्या चिकातून काढलेलं पपेन, आणि माशाच्या फुग्यापासून मिळणारं, बिअर निवळवायला वापरतात ते आयसिंग्लास.

याचा इन्सुलिनशी काय संबंध? संबंध टाकीचा आहे. सूक्ष्मजीव मोठ्या टाकीत वाढवताना तापमान, हवा, आम्लता, खाद्य हे सगळं तासातासाला सांभाळावं लागतं. त्यात जरा चूक झाली की अख्खी टाकी वाया. एन्झाइम बनवता बनवता हा हात बसला. २००४ साली बायोकॉननं मानवी इन्सुलिन बाजारात आणलं. त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कारखाना असलेल्या वोक्हार्टनंही आपलं इन्सुलिन आणलं होतं.

बायोकॉननं जिवाणूऐवजी पिचिया पास्टोरिस हे यीस्ट निवडलं. जिवाणू परकं प्रथिन बरेचदा पोटात गोळा करून ठेवतो. मग त्याला फोडा, ते गोळे सोडवा आणि प्रथिनाला नीट घडी घाला. यीस्ट मात्र प्रथिनाची घडी घालून ते बाहेर सोडतं. पिचियाची आणखी एक सोय आहे. आधी त्याला ग्लिसरॉल खाऊ घालून भरपूर वाढवायचं, मग मिथेनॉल द्यायचं. मिथेनॉल मिळालं की आपण बसवलेलं जनुक चालू होतं, दिव्याचं बटण दाबावं तसं. बाहेर येतो तो इन्सुलिनचा कच्चा रेणू. त्याला एन्झाइमनं योग्य जागी कापलं की इन्सुलिन तयार.

हे सगळं मी आईला ओट्यापाशी बसून सांगितलं. एक गोष्ट लपवली नाही. कापायला वापरतात ते ट्रिप्सिन पूर्वी डुकराच्या स्वादुपिंडातून काढत, आता तेही जनुकीय तंत्रानं बनवता येतं. कुठला कारखाना काय वापरतो, ते त्यालाच विचारावं लागेल. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे पाव फुगवतात, त्यातलंच?" म्हटलं, "त्याचा लांबचा भाऊ." दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सुई घेतली.

तिच्या बाकीच्या शंका तुमच्याही असतील. यीस्टचं जनुक आपल्या अंगात शिरतं का? नाही. बाटलीत शुद्ध केलेलं प्रथिन असतं, आणि शरीर ते काही तासांत मोडून टाकतं. गोळी का नाही? पोट इन्सुलिनलाही डाळीतल्या प्रथिनासारखंच पचवून टाकतं, म्हणून. सुरू केलं की सवय लागते का? ही सवय नव्हे. शरीर जे पुरेसं बनवत नाही, ते आपण बाहेरून देतो. डोस मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका, बंदही करू नका.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या कितीजणांच्या फ्रिजमध्ये अशी न उघडलेली बाटली असेल? आईच्या त्या दीड महिन्यात पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली होती. ती भरायला पुढे चार महिने लागले. तिनं मला आधीच विचारलं असतं तर ते टळलं असतं. आणि मी रोज "घेतलंस ना?" असं विचारण्याऐवजी एकदा "का घेत नाहीस?" असं विचारलं असतं, तरीही टळलं असतं.

पुढच्या भागात याच काप-जोडीचं नवं रूप पाहू. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशींना नवं जनुक देऊन त्यांना कर्करोगाशी लढायला कसं पाठवतात, आणि आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या अशा उपचाराला २०२३ मध्ये भारतात परवानगी कशी मिळाली, ते. तोवर घरात कुणाची बाटली बंद पडून असेल, तर आज त्यांच्याशेजारी जरा बसा आणि कारण विचारा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.