टाकलेली वस्तू जाते कोठे?



"टाकून दे" हे शब्द आपल्या घरात दिवसातून किती वेळा उच्चारले जातात, ह्याची मोजदाद कोणी ठेवीत नाही. केळ्याची साल, फाटकी पिशवी, शाई संपलेले पेन, सकाळचा उरलेला भात, टाकून दे. बोलणाऱ्यापुरती त्या वस्तूची गोष्ट तेथे संपते. परंतु टाकलेली प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी दारी जाऊन पडतेच. तुमच्यापैकी जे दिव्याहून शाळेस येतात त्यांस हे समजावून सांगण्याची गरज नाही, कारण ते दार पुष्कळ वर्षे त्यांचेच होते.

दिवा हे ठाणे व कल्याण यांच्यामधील जंक्शन. येथून लोहमार्गाचा एक फाटा वसईकडे व दुसरा पनवेलकडे जातो. जवळच खाडी, खाजण आणि तिवरांची झाडी. ठाणे शहराचा कचरा कित्येक वर्षे येथील कचराभूमीवर येऊन पडत असे. ढीग वाढत गेला, उन्हाळ्यात तो पेटू लागला, आणि एकदा पेटला म्हणजे धूर दिवसचे दिवस हटत नसे. मी ह्या भागात राहावयास आलो त्या वर्षीचे वार्षिक परीक्षेचे पेपर मी खिडक्या लावून घेऊन, घामाने निथळत तपासले आहेत. वर्गातील एका मुलीस तिच्या आईची ताकीद असे की, धुतलेला गणवेश बाहेर दोरीवर वाळत घालू नये. त्याचे कारण मला आधी कळेना. एके दिवशी माझा स्वतःचा सदरा दोरीवरून काढून हुंगला, तेव्हा कळले.

२०२३ च्या आरंभी ही कचराभूमी बंद झाली व आम्हां सर्वांस हायसे वाटले. पण त्या दिवसापासून ठाण्यातील घरांनी कचरा करण्याचे थांबविले होते काय? गाड्या शीळफाट्याच्या बाजूस असलेल्या भंडार्ली गावाकडे वळल्या आणि तेथील ग्रामस्थ विरोधास उभे राहिले. त्यांचे काय चुकले? ते म्हणत होते तेच आम्ही काल म्हणत होतो. हे मनात आले तेव्हा माझ्या आनंदास थोडी लाज चिकटली, हे पालकवर्गासमोर कबूल करण्यास हरकत नाही.

आता प्रश्न असा की, कचऱ्याचा ढीग पेटतो कशाने? कोणी काडी लावली असेल, असे लोक म्हणतात, आणि कधी कधी ते खरेही असते; पण पेटण्यासारखे काही ढिगाच्या पोटात नसते तर काडीने काय होणार? आपल्या स्वयंपाकघरातील साली, देठ, उष्टे अन्न हे सूक्ष्म जंतूंचे खाद्य होय. भोवती हवा खेळती असेल तर हे जंतू त्या पदार्थांची माती बनवितात. जंगलात पडलेल्या पाल्याची वर्षानुवर्षे हीच गती होते व तेथे कोणी नाक दाबून चालत नाही. परंतु तेच पदार्थ पिशवीत गाठ मारून पंधरा-वीस फूट ढिगाखाली दडपले तर हवा मिळत नाही. मग तेथे निराळ्या जातीचे जंतू वाढतात. त्यांच्या क्रियेतून मिथेन वायू निघतो, तो ज्वालाग्राही असतो. आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइडही त्याबरोबर निघतो. ढिगातून पाझरणारे काळे पाणी उतार मिळेल तिकडे, म्हणजे आपल्याकडे बहुधा खाडीकडे, वाहत जाते.

म्हणजे मूळ दोष सालीचाही नव्हे आणि पिशवीचाही नव्हे. दोहोंस एकत्र कोंडले, हा दोष. निराळी ठेवलेली साल खत होते. निराळा ठेवलेला कागद रद्दीवाला पैसे देऊन नेतो. पण वर्तमानपत्रावर आमटी सांडली की दोन्ही फुकट जातात. कचरा निर्माण होतो तो बाजारात किंवा कारखान्यात नव्हे, आपल्या मोरीशेजारच्या त्या एकाच डब्यात, आणि त्यास एक क्षण पुरतो. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक असे तीन भाग घरीच करावेत असे सांगितले होते, ते ह्याच कारणाने.

हे साध्य होते काय, अशी शंका घेणाऱ्यांनी कल्याणकडे पाहावे. तेथे खाडीकाठच्या आधारवाडीचा ढीग दिव्याच्याच जातीचा होता. त्यासही वरचेवर आगी लागत. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने २०२० मध्ये घरोघरी वर्गीकरणाचा आग्रह धरला आणि मे २०२१ मध्ये आधारवाडीस कचरा टाकणे बंद केले. ह्या कामाचे प्रमुख उपायुक्त रामदास कोकरे यांनी त्यापूर्वी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले नगरपरिषदेत हाच प्रयोग केला होता. तेथील जुन्या कचराभूमीची बाग झाली आणि लोक ती पाहावयास जाऊ लागले. वेंगुर्ले लहान गाव आहे, हे खरे. पण डबे दोन ठेवण्यास घर मोठे लागत नाही.

आमच्या आज्या ह्या कामी आमच्याहून पदवीधर होत्या. जुन्या लुगड्यांची गोधडी होई, गोधडी जीर्ण झाली की पायपुसणे होई, आणि त्याचेही सूत सुटू लागले म्हणजे कंदिलाच्या काचा पुसण्यास उपयोगी पडे. नारळाचे खोबरे पोटात, काथ्या भांडी घासण्यास, करवंटी बंबात. शिळ्या पोळीचा कुस्करा व शिळ्या भाताला फोडणी हे तर आजही चालते. तथापि त्यांच्या काळी दूध, तेल, साबण, वेफर्स सारे प्लॅस्टिकच्या वेष्टनात येत नव्हते, हेही ध्यानात घ्यावे. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदीची अधिसूचना काढली, पण स्थानकाबाहेरील भाजीवाल्यापाशी दहा मिनिटे उभे राहिल्यास तिचे काय झाले ते दिसते. दोष एकट्या भाजीवाल्याचा नाही. गिऱ्हाईक रिकाम्या हाती येते. कापडी पिशवी दाराच्या खिळ्यास टांगलेली असावी. कपाटात घडी करून ठेवलेली पिशवी कधीच बाजारात जात नाही, हा माझा अनुभव आहे.

ओल्या कचऱ्यासाठी माझ्या चाळीच्या खोलीत, खिडकीच्या कठड्यावर, रंगाची एक जुनी बादली आहे. तिच्या तळाशी व बाजूंस छिद्रे पाडली, खाली ताटली ठेवली, तळाशी नारळाचा काथ्या घातला. रोजच्या साली बारीक चिरून टाकावयाच्या आणि प्रत्येक वेळी वर मूठ-दोन मूठ वाळका पाला किंवा लाकडाचा भुसा. हा पाला विसरलात तर सारे बिघडते. माझी पहिली बादली अशीच बिघडली होती आणि शेजाऱ्यांनी दार ठोठावले होते. वास आला तर ओल फार झाली असे समजावे, पाला वाढवावा व काडीने खालीवर करावे. अगदीच कोरडे पडले तर पाणी शिंपडावे. पावसाळ्यात झाकण हवेच. मासळीचे काटे व मटणाची हाडे नवशिक्याने घालू नयेत, मांजरे येतात. बादली भरल्यावर दीड-दोन महिने तशीच ठेवली म्हणजे काळसर, भुसभुशीत खत तयार होते व त्यास पहिल्या पावसातील मातीसारखा वास येतो.

सुक्या कचऱ्याविषयी थोडक्यात. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा निराळा पडू देऊ नये. तो गटारात जातो. पिशवी धुऊन, वाळवून ठेवावी. फुटलेली काच कागदात गुंडाळून वर तसे लिहावे, कारण तो कचरा कोणीतरी उघड्या हाताने निवडीत असते. विजेऱ्या, दिव्यांच्या नळ्या व मुदत संपलेली औषधे निराळ्या डब्यात साठवावीत. वापरलेले डायपर व पॅडही कागदात बांधून, खूण करून द्यावेत.

आठवी व नववीच्या वर्गांस दिवाळीच्या सुटीत एक प्रयोग सांगितला आहे. दोन काचेच्या बरण्या घ्यावयाच्या. पहिलीत साली, उष्टा भात व प्लॅस्टिकचा तुकडा दाबून भरून, बुडेल इतके पाणी घालून झाकण सैलसर ठेवावयाचे. घट्ट लावू नये, वायूने बरणी फुटेल. दुसरीत तितक्याच साली, मध्ये मध्ये वाळक्या पाल्याचे थर, तोंडास पातळ फडके. दर आठवड्यास काय दिसले, कसा वास आला, ते वहीत टिपावे. सुटी संपल्यावर दुसरी बरणी माझ्या टेबलावर आणून ठेवावी. पहिलीचे केवळ टिपण पुरे. तीच आणावयाची झाली तर प्रयोगशाळेच्या मागील ओट्यावर ठेवावी, लोकलच्या डब्यात मात्र उघडू नये.