फाल्गुनराव : चातुर्याचा अभिमान आणि निरागसता

गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संशयकल्लोळ'मधील फाल्गुनरावाचे विवेचन अध्यापनात बहुधा 'संशयी नवरा' या दोन शब्दांत आटोपते. हे वर्णन चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. संशय हा स्वभावतः विनोदी नसतो. देवलांनीच शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' (१८९०) रचले. तेथे संशयाची परिणती पत्नीच्या हत्येत होते. मग तोच विकार येथे हास्यकारक का ठरतो?

या नाटकाची वंशावळ प्रथम ध्यानात घ्यावी. मोलिएरच्या 'स्गानारेल' (१६६०) या प्रहसनावरून आर्थर मर्फी याने 'ऑल इन द राँग' (१७६१) लिहिले. त्याच्या आधारे देवलांनी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक १८९३ मध्ये सिद्ध केले. पुढे पदांची भर पडून, देवलांच्या निधनाच्या वर्षी, म्हणजे १९१६ मध्ये, ते 'संशयकल्लोळ' या नावाने गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले.

'ऑथेल्लो'तील रुमाल आणि येथील तसबीर यांची तुलना उद्बोधक आहे. रुमाल खलपुरुष हेतुपुरस्सर पेरतो. तसबीर मात्र मूर्च्छित रेवतीच्या हातून केवळ योगायोगाने पडते आणि कृत्तिकेच्या हाती लागते. फाल्गुनरावाला कोणीही फसवीत नाही. तो स्वतःच फसतो. त्याला दिसते ते खरे असते, त्यावरून तो काढतो तो निष्कर्ष तेवढा खोटा. आपली नजर चुकणार नाही, हा त्याचा अभिमान खलपुरुषाची जागा भरून काढतो. त्यामुळे प्रत्येक नवा 'पुरावा' त्याला दुःखाइतकेच समाधानही देतो.

मोलिएरचा स्गानारेल अब्रूच्या रक्षणासाठी चिलखत चढवून निघतो. प्रतिस्पर्धी समोर येताच ते पावसासाठी घातल्याचे सांगतो. तेथील हास्य भित्रेपणातून निर्माण होते. देवलांनी भर दिला तो शहाणपणाच्या अहंतेवर. शिवाय रेवती नायकिणीच्या घरात वाढलेली दाखविल्याने तिच्यावरील संशयाला तत्कालीन समाजाची मान्यता आपोआप लाभते. प्रेक्षक फाल्गुनरावाला हसतो, तेव्हा तो नकळत स्वतःच्या पूर्वग्रहालाही हसत असतो.

याच काळात अकोला, खामगाव व जळगाव-जामोद येथे वकिली करणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर 'साक्षीदार' (१९०२) या लेखापासून सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या यांची सृष्टी उभारीत होते. तीही माणसे आपल्या युक्तिवादावर प्रसन्न असतात आणि समर्थन करता करता समर्थित रूढीच उघडी पाडतात. माध्यम भिन्न असले, तरी गर्विष्ठ परंतु निष्कपट माणसाचा हा प्रकार त्या काळच्या मराठी विनोदाला जवळचा वाटत होता, असे म्हणता येते. नवशिक्षित समाजात तर्काची प्रतिष्ठा वाढत असताना तर्काच्या गैरवापराकडे विनोदकारांचे लक्ष जाणे स्वाभाविक होते.

फाल्गुनरावाच्या अभिमानात दुष्टावा नाही. म्हणूनच गैरसमज दूर होताच त्याला शिक्षेची नव्हे, फक्त उलगड्याची गरज उरते. अभिमान तोच, पण त्याचा लाभ उठविणारा कपटी मनुष्य शेजारी उभा राहिला, तर 'संशयकल्लोळ'चे 'झुंझारराव' होण्यास वेळ लागणार नाही. ही दोन्ही नाटके विद्यार्थ्यांसमोर एकत्र ठेवली, तर सुखात्मिका व शोकात्मिका यांतील सीमारेषा व्याख्येवाचूनही स्पष्ट होईल.