खाल्ल्या मिठाला जागणारें शरीर

‘खाल्ल्या मिठाला जागणें’ हा वाक्प्रचार आमच्या विद्यार्थ्यांनीं लहानपणापासून ऐकलेला असतो. ज्याचें अन्न खावें त्याच्याशीं प्रामाणिक राहावें, असा त्याचा अर्थ आहे. परंतु मिठाला अक्षरशः जागणारा एक सेवकवर्ग आपणां प्रत्येकाच्या शरीरांत रात्रंदिवस राबत असतो, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. जेवणांत चिमूटभर मीठ अधिक गेलें तर त्याची तेथें नोंद होते. उन्हांत घामावाटे मीठ निघून गेलें तर त्याचीहि नोंद होते. आणि या जमाखर्चाचा रक्ताच्या दाबाशीं अगदीं निकटचा संबंध असतो. हा हिशेब शरीर कसा ठेवितें, व तो चुकला असतां काय होतें, हें प्रस्तुत लेखांत थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम रक्तदाब म्हणजे काय तें पाहूं. प्रौढ मनुष्याच्या अंगांत सुमारें ५ लिटर रक्त असतें. स्वस्थ बसलें असतां हृदय मिनिटास सुमारें ७० वेळां आकुंचन पावतें, आणि दर खेपेस सुमारें ७० मिलिलिटर रक्त रोहिण्यांत लोटतें. म्हणजे बहुतेक सर्व रक्त एका मिनिटांत शरीराची एक प्रदक्षिणा करून येतें. हें रक्त रोहिण्यांच्या भिंतींवर जो भार टाकितें त्यासच रक्तदाब म्हणतात. ज्यांच्या घरीं बागाईत आहे त्यांस ही गोष्ट सहज समजेल. विहिरीचें पाणी उपसून पाटांत सोडणारें तें हृदय. पाट त्या रोहिण्या. आणि वाफ्यांच्या तोंडाशीं दारें धरणारा जो माळी, त्याचें काम बारीक रोहिण्यांच्या भिंतींतील स्नायू करितात. पाटांतील पाणी किती चढेल हें तीन गोष्टींवर अवलंबून असतें : पाणी किती वेगानें उपसलें जातें, वाफ्यांचीं दारें किती उघडीं आहेत, आणि मुळांत विहिरींत पाणी किती आहे. रक्तदाबाचीहि हीच तीन कारणें होत. व यांपैकीं तिसरें कारण बहुतांशीं मिठाच्या हातीं आहे.

रक्ताचा दाब प्रथम मोजला तो स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकानें. लंडनजवळील टेडिंग्टन या गांवीं आपलें काम सांभाळून तो सृष्टिशास्त्राचे प्रयोग करीत असे. त्यानें एका घोडीच्या पायांतील रोहिणींत पितळेची नळी बसवून तिला कांचेची उंच नळी जोडली, तेव्हां रक्त त्या नळींत हृदयाच्या पातळीपासून ८ फूट ३ इंच उंच चढलें आणि नाडीच्या ठोक्यांबरोबर वरखालीं होऊं लागलें. हा वृत्तांत त्यानें १७३३ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. मनुष्याची रोहिणी न कापतां दाब मोजण्याची सोय पुढें दीडशें वर्षांहून अधिक काळानें झाली. दंडाला गुंडाळावयाचा हवेचा पट्टा इटालियन वैद्य रिव्हा-रोची यानें १८९६ सालीं तयार केला, आणि पट्ट्याखालीं रोहिणींतील आवाज ऐकून दाब ठरविण्याची रीत रशियन शस्त्रवैद्य कोरोटकॉव्ह यानें १९०५ सालीं दाखवून दिली. डॉक्टर ‘१२० आणि ८०’ असे दोन आंकडे सांगतात, त्यांतील पहिला हृदय आकुंचन पावतांनाचा दाब होय, व दुसरा तें सैल पडतांनाचा. दोन्ही आंकडे पाऱ्याच्या स्तंभाचे मिलिमीटर होत.

आतां हा दाब शरीर कसें संभाळतें तें पाहूं. येथें दोन प्रकारची व्यवस्था आहे. एक क्षणांत काम करणारी व दुसरी कित्येक तास अथवा दिवस घेणारी.

पहिली व्यवस्था मज्जातंतूंची. आपण निजलेले असतां उठून उभे राहिलों कीं सुमारें अर्धा लिटर रक्त आपल्या भारानें पायांकडे उतरतें. कांहींच उपाय झाला नाहीं तर मेंदूस रक्त पुरणार नाहीं. परंतु मानेंतून मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्या जेथें दुभागतात तेथें, आणि हृदयापासून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानींत, दाब पारखणारे सूक्ष्म पहारेकरी बसविलेले आहेत. भिंत ताणली गेली कीं ते मेंदूच्या तळाशीं असलेल्या केंद्राकडे भराभर संदेश धाडितात. ताण कमी झाला कीं संदेश विरळ होतात. संदेश विरळ होतांच तें केंद्र हृदयास जलद चालावयास लावितें व बारीक रोहिण्यांचीं दारें आंवळतें. हें सर्व दोन-चार ठोक्यांच्या आंत घडतें, म्हणून उठतांना आपणांस कांहींच जाणवत नाहीं.

क्वचित् ही व्यवस्था अपुरी पडते. कवाइतीच्या मैदानावर उन्हांत फार वेळ ताठ उभा राहिलेला मुलगा एकाएकीं पांढरा फटफटीत होऊन कोसळतो, हें आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलें असेल. उष्म्यामुळें कातडीकडील रक्तवाहिन्या मोकळ्या झालेल्या असतात, घामानें पाणी व मीठ गेलेलें असतें, आणि पोटऱ्यांचे स्नायू हालत नसल्यानें पायांतील रक्त वर ढकललें जात नाहीं. अशा वेळीं पडणें हाच सृष्टीनें केलेला उपाय असतो, कारण आडवें होतांच मेंदू व हृदय एका पातळीस येतात. त्यास बळेंच उठवून बसविणें ही मोठी चूक होय. सावलींत उताणें निजवून पाय थोडे उंच धरावे. उभे राहणाऱ्यांनीं अधूनमधून टांचा उचलून पोटऱ्या हालवाव्या, म्हणजे असा प्रसंग सहसा येणार नाहीं.

दुसरी व्यवस्था मूत्रपिंडांची. मंद असली तरी हीच खरी बलवत्तर होय, कारण विहिरींतील पाण्याचा सांठा हिच्या हातीं असतो. आमच्या कमरेच्या वर पाठीच्या बाजूस असलेलीं हीं दोन पिंडें मुठीएवढींच आहेत. परंतु प्रत्येकांत सुमारें दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्या दिवसाकांठीं रक्तांतून सुमारें १८० लिटर द्रव गाळतात, व त्यांपैकीं दीड-दोन लिटरच मूत्ररूपानें बाहेर टाकितात. गाळलेल्या द्रवांत दररोज जवळजवळ दीड किलो मीठ असतें! शंभरांतील नव्व्याण्णव भागांहून अधिक मीठ परत रक्तांत घेतलें जातें. या देवघेवींत अगदीं अल्प फरक केला तरी शरीरांतील मीठ कमीजास्त करितां येतें. आणि मीठ जेथें राहतें तेथें पाणी त्याच्यामागें राहतेंच. शरीरांतील द्रवाची खारटी लिटरमागें सुमारें ९ ग्रॅम मिठाइतकी असते. तेव्हां ९ ग्रॅम मीठ अधिक सांठलें तर तें आपल्याबरोबर सुमारें एक लिटर पाणी धरून ठेवील, हें उघड आहे.

मीठ ठेवावें कीं टाकावें हें मूत्रपिंडांस कोण सांगतें? १८९८ सालीं स्टॉकहोम येथें टिगरस्टेट व बर्गमन या दोघांनीं सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशास टोंचून पाहिला, तेव्हां त्याचा रक्तदाब चढला. त्या अर्कांतील द्रव्यास त्यांनीं रेनिन हें नांव दिलें. पुढें कळून आलें कीं, दाब अथवा मीठ घटलें म्हणजे मूत्रपिंड रेनिन सोडितें. तें यकृतांत तयार झालेल्या एका प्रथिनाचा तुकडा तोडतें. आणि त्या तुकड्यापासून अँजिओटेन्सिन नामक द्रव्य बनतें. हें द्रव्य एकाच वेळीं अनेक कामें करितें. तें बारीक रोहिण्या आंवळतें, तहान लावितें, आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींकडून आल्डोस्टेरोन नांवाचा स्राव सोडवितें. या स्रावाचा हुकूम एकच : मीठ बाहेर जाऊं देऊं नका. उलटपक्षीं, मीठ व पाणी फार झालें कीं रेनिन थांबतें, आणि हृदयाचे वरचे कप्पे ताणले जाऊन तेथून मीठ सोडून देण्याचा स्राव निघतो. हृदयाच्या या स्रावाचा शोध कॅनडांत द बोल्ड यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केला. रक्त ढकलणारें हृदय स्वतःच मूत्रपिंडांस निरोप धाडीत असेल, अशी कल्पना तोंपर्यंत थोड्यांस होती.

या ज्ञानाचा उपयोग औषधांतहि झाला. ब्राझील देशांतील जराराका या विषारी सर्पाच्या दंशानें रक्तदाब झपाट्यानें उतरतो. सर्झियो फेरेरा यांनीं त्या विषांत सांपडलेल्या द्रव्याचें वर्णन १९६५ सालीं केलें. अँजिओटेन्सिन बनविणाऱ्या पाचकद्रव्यास तें अडवितें असें पुढें दिसून आलें, व त्याच धर्तीवर तयार झालेली कॅप्टोप्रिल ही गोळी १९८१ सालीं अमेरिकेंत मान्य झाली. सर्पाचें विष असंख्य रोग्यांस वरदान ठरलें.

हिशेब दोन्ही बाजूंनीं बिघडूं शकतो. जुलाब व वांत्या झाल्या असतां मीठ व पाणी इतक्या वेगानें जातें कीं मूत्रपिंडांनीं कितीहि काटकसर केली तरी पुरत नाहीं. लहान मूल कांहीं तासांत दगावतें. नुसतें पाणी पाजल्यानें मिठाची तूट भरत नाहीं. परंतु आंतड्याच्या भिंतींत एक असें द्वार आहे कीं, साखर व मीठ जोडीनें आलीं तरच तें दोघांस आंत घेतें, व पाणी त्यांच्यामागून जातें. पटकीच्या रोगांतहि हें द्वार शाबूत राहतें. १९७१ सालीं बांगलादेशच्या युद्धांत बनगांव येथील निर्वासितांच्या छावणींत पटकी उसळली, शिरेंतून देण्याचें सलाईन संपत आलें, तेव्हां डॉक्टर दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचें पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हातून रोग्यांस पाजविलें. शंभरीं सुमारें तीस असलेलें मृत्यूचें प्रमाण चारांच्या आंत आलें. हा उपाय प्रत्येक आईस ठाऊक असावा : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. मीठ याहून अधिक घालूं नये, पाणी थोडें थोडें पाजीत राहावें, आणि डॉक्टरांस दाखविण्यास विलंब लावूं नये.

दुसरी बाजू अतिरेकाची. मीठ नित्य अधिक खाल्लें आणि आनुवंशिकतेनें, वयानें अथवा रोगानें मूत्रपिंडें तें सहज बाहेर टाकूं शकलीं नाहींत, तर चढलेल्या दाबाच्या जोरावरच तें बाहेर पडूं शकतें. हा दाब कोठेंहि दुखवीत नाहीं, हाच त्याचा मोठा धोका. कित्येक वर्षें तो मुकाट्यानें हृदय, मेंदू व खुद्द मूत्रपिंडें यांस झिजवितो, आणि एके दिवशीं अर्धांगवायूच्या रूपानें प्रकट होतो. ॲमेझॉनच्या अरण्यांतील यानोमामी लोक अन्नांत मीठ मुळींच घालीत नाहींत. १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत त्यांचा दाब वाढत्या वयाबरोबर चढत नाहीं असें आढळलें. आम्हांस इतके अळणी होण्याची गरज नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांस दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगितलें आहे. म्हणजे सर्व पदार्थांतलें मिळून एक सपाट चहाचा चमचाहि पुरा नव्हे. लोणचें, पापड, सुकी मासळी, फरसाण, बिस्किटें व पाव यांतून न कळत पोटांत जाणारें मीठहि त्यांतच धरावयाचें आहे.

तेव्हां पालकांस आमची विनंति अशी कीं, कांहीं दुखत नसलें तरी वर्षांतून एकदां तरी दाब मोजून घ्यावा, व औषध चालू असल्यास बरें वाटतें म्हणून तें आपल्या मनानें बंद करूं नये. विद्यार्थ्यांस इतकेंच सांगणें कीं, ताटांत वाढलेल्या भाजीची चव घेतल्याशिवाय मिठाकडे हात नेऊं नये. जीभ ही संवयीची दासी आहे. थोडें थोडें कमी केलें तर कांहीं आठवड्यांतच तिला कमी मिठाचें अन्न रुचूं लागतें. आमचीं मूत्रपिंडें खाल्ल्या मिठाला जन्मभर जागतात. त्यांच्यावर किती भार घालावा, हें मात्र जेवणाऱ्याच्या हातीं आहे.