हवा गेली की थांबणारी गाडी

अमेरिकेतल्या मोठ्या गोदामांच्या आवारात ५३ फुटी ट्रेलर ओळीने उभे असतात, ओढणाऱ्या ट्रकशिवाय. मागे आठ चाकं असतात आणि पुढे एकही नाही. पुढच्या बाजूला दोन लोखंडी पाय जमिनीवर टेकवलेले. माल भरायला तीन तास लागोत की तीन दिवस, महागडा ट्रक आणि त्याचा ड्रायव्हर तेवढा वेळ अडकून पडत नाहीत. एक ट्रेलर सोडायचा, दुसरा जोडायचा आणि निघायचं. अर्धा भार ट्रकच्या पाठीवर आणि अर्धा ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांवर, ही रचना डेट्रॉइटच्या ऑगस्ट फ्रुहॉफ या गाड्या बांधणाऱ्या लोहाराने १९१४ साली करून दाखवली. फ्रेडरिक सिबली नावाच्या लाकूड व्यापाऱ्याला आपली होडी फोर्डच्या ‘मॉडेल टी’मागे जोडून न्यायची होती. ते जमल्यावर सिबलीने लाकूड वाहण्यासाठीही तशाच गाड्या मागितल्या, आणि फ्रुहॉफचा धंदाच बदलला.

ट्रक आणि ट्रेलर यांना एकत्र धरून ठेवतो तो किंगपिन. ट्रेलरच्या पोटाखालून खाली आलेला हा पोलादी खुंटा जेमतेम दोन इंच जाड असतो. ट्रकच्या पाठीवर ग्रीस माखलेली, मागे खाच असलेली जाड तबकडी असते, तिला फिफ्थ व्हील म्हणतात. ट्रक मागे घेतला की खुंटा खाचेत सरकतो आणि आतला जबडा त्याच्याभोवती बंद होतो. एवढ्याशा खुंट्यावर इतका भार कसा पेलतो, असा प्रश्न पडतो. उत्तर असं, की खुंटा वजन पेलतच नाही. वजन तबकडीवर टेकलेलं असतं. खुंट्याच्या वाट्याला येतं ते फक्त ओढणं आणि ढकलणं. दोन कामं दोन भागांना वाटून दिल्यामुळेच खुंटा बारीक राहू शकला आणि ट्रेलर त्याच्याभोवती मोकळेपणाने वळू शकला. न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर घेऊन पुण्याकडे निघालेल्या ट्रेलरची जोडणीही याच तत्त्वावर चालते.

या जोडणीत एक धोका मात्र आहे. लोखंडी पाय जास्त उंच ठेवले असतील तर ट्रेलर थोडा वर राहतो आणि खुंटा जबड्यात न शिरता त्याच्या वरून निघून जातो. वरवर पाहता जोडणी झालेली दिसते. म्हणून चांगला ड्रायव्हर ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवतो, ट्रक हलकेच पुढे ओढून पाहतो आणि तेवढ्यावर न थांबता खाली उतरून बॅटरीच्या उजेडात जबडा खरोखर मिटला आहे का ते बघतो.

या सगळ्या वाहनात मला सर्वांत हुशार वाटतो तो त्याचा ब्रेक. ट्रकच्या पाठीमागून ट्रेलरकडे दोन रबरी नळ्या जातात, एक लाल आणि एक निळी. निळ्या नळीचं काम सरळ आहे: ड्रायव्हरने पेडल दाबलं की तिच्यातून ब्रेक लावण्याचा हुकूम जातो. लाल नळी सतत हवा पुरवत असते आणि तिचं काम उलटं आहे. ट्रेलरच्या ब्रेकमध्ये एक जबरदस्त स्प्रिंग बसवलेली असते. ती सारखी ब्रेक लावायला बघत असते आणि हवा तिला दाबून धरते. म्हणजे गाडी चालते ती हवेने ब्रेक सोडवून ठेवल्यामुळे.

नेहमीचा दाब चौरस इंचाला १०० ते १२५ पौंड असतो. पंपावर आपण मोटारीच्या चाकात साधारण ३० भरतो, त्यावरून अंदाज यावा. दाब ६० च्या आसपास उतरला की केबिनमध्ये इशारा वाजू लागतो. तरीही उतरत राहिला तर ४५ ते २० च्या दरम्यान डॅशबोर्डवरची ब्रेकची बटणं आपोआप बाहेर येतात आणि स्प्रिंग ब्रेक आवळून टाकते. नळी फाटली, ट्रेलर सुटला, इंजिन बंद पडून टाकीतली हवा हळूहळू गळून गेली, तरी शेवट एकच: गाडी थांबते.

ही कल्पना आली रेल्वेतून. जॉर्ज वेस्टिंगहाउसचा १८६९ सालचा पहिला एअर ब्रेक हवेच्या जोराने लागत असे. नळी तुटली की ब्रेकही गेला. १८७२ साली त्याने तर्क उलटा केला आणि नळीतला दाब कमी झाला की ब्रेक लागेल अशी व्यवस्था केली. आपल्या रेल्वेच्या डब्यात साखळी ओढली की हेच घडतं: नळीतली हवा बाहेर जाते आणि गाडी थांबू लागते. बिघाड होणारच हे धरून चालायचं आणि बिघाडाची दिशा आधीच ठरवून ठेवायची, हा विचार ज्यांनी केला त्यांनी किती जीव वाचवले असतील!

पण ट्रेलरच्या ब्रेकमधली ही स्प्रिंग एका शत्रूपुढे हतबल आहे, आणि तो म्हणजे उष्णता. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना सुमारे अर्धा किलोमीटर उंची कमी होते. ३६ टनांचं वाहन तेवढं खाली आणताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिच्यात ६०० लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला येईल. वाऱ्याचा आणि चाकांचा रोध त्यातला काही भाग खातो. उरलेली सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये शिरली तर ड्रम तापून फुगतो आणि आतल्या लायनरपासून दूर जातो. लायनरची पकडही तापल्यावर सुटते. टाकीत हवा पुरेपूर असते, पेडल खालपर्यंत जातं आणि तरी गाडी थांबत नाही. डिझेल वाचवण्यासाठी घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडणं म्हणूनच जिवावर बेततं. इंजिनाचा रोध संपतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. शिवाय हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालत असल्याने, इंजिन मंद फिरत असताना पुन्हा पुन्हा ब्रेक दाबला तर हवाही पुरत नाही.

१९३१ साली क्लेसी कमिन्स हा इंजिन बनवणारा अमेरिकी माणूस आपलं डिझेल इंजिन बसवलेला ट्रक घेऊन कॅलिफोर्नियातल्या कहोन खिंडीतून उतरत होता. ब्रेक निकामी झाले, खाली रेल्वेचं फाटक होतं आणि मालगाडी येत होती. तो थोडक्यात वाचला. तो प्रसंग त्याच्या डोक्यातून गेला नाही, आणि पुढे त्यातूनच इंजिन ब्रेक जन्माला आला. जेकब्ज कंपनीने १९६१ साली तो बाजारात आणला. सिलिंडरमध्ये हवा दाबायला ताकद लागते. एरवी तीच दाबलेली हवा पिस्टनला परत खाली ढकलून ती ताकद फेडते. इंजिन ब्रेक नेमक्या त्या क्षणी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि हवा सोडून देतो. ताकद खर्च झाली, परत काहीच मिळालं नाही. इंधन न जाळणारं इंजिन अशा रीतीने नुसतं हवा दाबत बसतं आणि गाडीला मागे धरून ठेवतं. उतारावर ऐकू येणारा तो फटफट आवाज याच हवेचा.

आता वजनाकडे वळू. अमेरिकेत अशा पाच एक्सलच्या वाहनाची एकूण मर्यादा ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ टन. त्यातले ट्रकच्या मागच्या एक्सल-जोडीवर ३४,००० पौंड आणि ट्रेलरच्या जोडीवर ३४,००० पौंड. पण नुसतं वजन बघून भागत नाही, ते किती लांबीवर पसरलं आहे हेही कायदा बघतो. १९७४ च्या कायद्याने आलेल्या पुलांच्या सूत्रानुसार पूर्ण ८०,००० पौंड हवे असतील तर पहिल्या आणि शेवटच्या एक्सलमध्ये ५१ फूट अंतर लागतं. कोकणातल्या साकवावरून माणसं अंतर ठेवून चालतात, घोळक्याने मधोमध उभी राहत नाहीत. सूत्र तेच सांगतं, फक्त आकड्यांत.

यासाठी ट्रेलरची मागची चाकं सरकणारी केली आहेत. चौकटीला ओळीने भोकं आणि त्यांत पिना. काट्यावर एका जोडीचं वजन जास्त भरलं तर ड्रायव्हर पिना काढतो, ट्रेलरची चाकं ब्रेकने जखडतो आणि ट्रक पुढे किंवा मागे घेतो. चाकं जागीच राहतात, वरची भरलेली पेटी सरकते. एका भोकाला साधारण शंभर ते दोनशे किलो वजन इकडचं तिकडे होतं. चाकं मागे गेली की ट्रेलरच्या जोडीवरचा भार कमी होऊन ट्रकवरचा वाढतो. मात्र चाकं जितकी मागे, तितका ट्रेलर वळणावर आतल्या बाजूला जास्त घुसतो. म्हणून कॅलिफोर्नियासारख्या राज्यात किंगपिनपासून शेवटच्या एक्सलपर्यंतचं अंतर ४० फुटांवर जाऊ देत नाहीत. वजनाने चाकं मागे न्यावीत आणि राज्याची हद्द ओलांडताच कायद्याने ती पुढे आणायला लावावीत, ही कसरत तिथल्या ड्रायव्हरच्या रोजच्या कामातली.

ट्रकचा चेहरासुद्धा कायद्यानेच घडवला आहे. अमेरिकेत बऱ्याच राज्यांनी पूर्वी ट्रक आणि ट्रेलर मिळून लांबी मोजली, तेव्हा इंजिनावर केबिन चढवलेले चपट्या तोंडाचे ट्रक तिथे भरपूर होते. नाक जितकं आखूड, तितका ट्रेलर लांब. १९८२ च्या कायद्याने राष्ट्रीय महामार्गांवर एकूण लांबीवर बंधन घालायला राज्यांना मनाई केली आणि ट्रेलरचीच लांबी मोजायची ठरवली. मग इंजिन पुढे ठेवलेले लांब नाकाचे ट्रक परत आले, कारण त्यांत बसायला आराम आणि दुरुस्तीला सोय. युरोपात जोडवाहनाची एकूण लांबी साडेसोळा मीटरच राहिली, म्हणून तिथलं तोंड चपटं राहिलं. २०१५ साली युरोपीय संघाने हवेचा रोध कमी व्हावा आणि पादचाऱ्यांची सुरक्षितता वाढावी म्हणून केबिन थोडं पुढे वाढवायला परवानगी दिली. २०२१ साली डच कंपनी डाफने या नव्या नियमाप्रमाणे बांधलेले पहिले ट्रक आणले. त्यांचं तोंड किंचित पुढे आलेलं आणि कडांना गोलसर आहे.