पाणी तोडू नका, पोरींनो

ट्रॉम्ब्यात आरोग्यसेविका म्हणून घरोघरी जाते, तेव्हा गरोदर बाईला मी आधी विचारते, "दिवसाला पाणी किती पितेस?" 1976 साली जनता कॉलनी उठवून वसवलेल्या चिता कॅम्पात आजही अनेक कुटुंबांची भिस्त सार्वजनिक शौचालयावर आहे. गर्भाशयाचा भार मूत्राशयावर आला की वारंवार लघवीला होते. रात्री गल्लीतून जायला नको, म्हणून बायका पाणीच तोडतात. मग पोट साफ होत नाही, लघवीला जळजळ सुरू होते. ही जळजळ अंगावर काढली तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जातो, वेळेआधी कळाही सुरू होऊ शकतात. दिवसभर भरपूर पाणी प्या, झोपण्याआधी थोडं कमी करा. रात्री घरातल्या कुणीतरी सोबत जावं.

कोळीवाड्यात सुकत घातलेल्या बोंबील-जवळ्याच्या वासानं पहिल्या महिन्यांत उमासे येतात. उठायच्या आधी अंथरुणातच कोरडा टोस्ट किंवा भाकरीचा तुकडा खावा, मग दर दोन तासांनी थोडं थोडं. पाचव्या महिन्यापर्यंत बहुतेकींचा त्रास ओसरतो. पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, तर मात्र दवाखाना गाठा. पुढं छातीत जळजळ होते, तेव्हा जेवून लगेच आडवं होऊ नये.

चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा लोहाच्या किमान 180 गोळ्या मिळतात. शौचाला काळं झालं की घाबरून कितीजणी त्या डब्यात टाकून देतात. काळं होणं हा लोहाचाच परिणाम, त्यात भिण्यासारखं काही नाही. गोळी चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत घ्या. कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतरानं.

संध्याकाळी पावलं सुजली तर पाय उशीवर ठेवून कुशीवर पडावं. पण मी मनगटावरची बांगडीही फिरवून बघते. कालपर्यंत सैल असलेली बांगडी आज रुतत असेल, तोंड सुजलं असेल, डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील किंवा रक्तदाब 140/90 वर गेला असेल, तर त्याच दिवशी गोवंडीचं शताब्दी रुग्णालय गाठायचं. अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, बाळाची हालचाल मंदावली, तरी थांबू नका. 108 ला फोन करा.

"आम्हीही सोसलंच की," असं म्हणणाऱ्या सासवांना माझं कळकळीचं सांगणं आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी सुनेला घेऊन स्वतः या.